खंडाळा ते सेशेल्स: देवगांडुळांचा भूतकाळ कोणत्या पद्धतीने वाचायचा?

एका संशोधक विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम घाट आणि सेशेल्स (हिंदी महासागरातली बेटं) इथल्या देवगांडुळांच्या, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या बिनपायांच्या उभयचरांच्या, १४ प्रजातींचं जनुकीय झाड तयार आहे, फाट्यांची (एका वंशाचे दोन वंश झाले त्या जागांची) वयंही काढली आहेत. पूर्वज कुठे राहत होते याचा अंदाज करणाऱ्या बायोजिओबेअर्स या संगणक-प्रणालीत सहाही मॉडेलं चालवून पाहिली. एआयसीनुसार (मॉडेलांची तुलना करणारा सांख्यिकी निकष) 'डेक अधिक जे' हे मॉडेल पहिलं आलं, आणि झाडाच्या मुळाशी 'भारत + सेशेल्स' असं उत्तर मिळालं. तर प्रबंधात 'हा गट गोंडवनकालीन (भारत, आफ्रिका, मादागास्कर वगैरे एकत्र असलेल्या प्राचीन महाखंडाच्या काळातला) असून भूखंड तुटल्यामुळे विभागला गेला' असं लिहायचं का?

माझं उत्तर: अजून नाही. तुम्हाला मिळालेलं उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही, ते बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. पण तुम्ही ज्या पद्धतीने मांडणी केली आहे तिच्यात ते चूक असतं तरी असंच दिसलं असतं. माझी काळजी तेवढीच आहे, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

सुरुवात एका गफलतीपासून करू, कारण ती मला दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या प्रबंधात दिसते. 'या प्राण्यांचे पूर्वज कुठे राहत होते' हा एक प्रश्न, आणि 'ही ठिकाणं एकमेकांपासून कोणत्या क्रमाने सुटली' हा दुसरा. पहिल्यात नायक प्रजाती आहे, दुसऱ्यात भूभाग. पद्धतीही वेगळ्या वाढल्या. प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटरने १८६४ मध्ये मादागास्करचे लेमूर आणि भारतातले त्यांचे नातलग यांचा मेळ घालायला 'लेमुरिया' नावाचा बुडालेला भूखंड कल्पिला. प्राण्यांवरून त्याने थेट भूगोलच रचला. पुढे भूखंड सरकतात हे सिद्ध झालं, लेमुरियाची गरज उरली नाही. आणि गंमत पाहा, खुद्द लेमूरसुद्धा भूखंड तुटल्यामुळे मादागास्करवर राहिलेले नाहीत. ते बेट आफ्रिकेपासून सुटून कोट्यवधी वर्षं लोटल्यावर त्यांचे पूर्वज पाण्यावरून वाहत तिथे पोचले असं आज मानलं जातं. वाटणीचा नकाशा जुळतो म्हणून कारणही जुळतं असं नाही, हे या एका उदाहरणातून मी विद्यार्थ्यांना आधी दाखवतो.

भूभागांचा प्रश्न गांभीर्याने घेतला तो क्रोइझाने आणि त्याच्यानंतर नेल्सन, प्लॅटनिक, रोझेन यांनी. त्यांची कल्पना सुंदर होती: एकाच प्रदेशात राहणाऱ्या अनेक असंबंधित गटांची झाडं घ्या, प्रत्येक टोकावर प्रजातीच्या नावाऐवजी ठिकाणाचं नाव लिहा, आणि सगळ्यांत मिळून जो समान आकृतिबंध दिसतो तो त्या ठिकाणांचा इतिहास. ब्रुक्सची पद्धत याच कल्पनेचं कोष्टक बनवते: ठिकाणं ओळींत, फाटे स्तंभांत, आणि त्यावरून सर्वांत काटकसरीचं झाड. बेडूक, मासे, वनस्पती, कोळी यांनी वेगवेगळं काहीही केलेलं असो, सगळ्यांवर एकच भूवैज्ञानिक घटना कोसळली असेल तर तिची खूण सगळ्यांत सापडायला हवी. हा युक्तिवाद मला आजही आवडतो.

पण भारताच्या बाबतीत तो जिथे अडतो ती जागा नीट समजून घ्या. ठिकाणांचं झाड काढायचं म्हणजे ठिकाणं फक्त तुटत जातात, पुन्हा जुळत नाहीत असं गृहीत धरणं आलं. भारत आधी मादागास्कर आणि सेशेल्स यांच्याबरोबर होता. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं, ६.३-६.४ कोटी वर्षांच्या सुमारास सेशेल्स सुटलं, आणि मग पाच-साडेपाच कोटी वर्षांच्या आसपास भारत आशियाला जाऊन भिडायला लागला. म्हणजे आपल्या भूमीला दोन माहेरं आहेत. काही गट तिला सेशेल्सशेजारी बसवतात, काही आग्नेय आशियाशेजारी, आणि दोन्ही बरोबर असतात. त्यांना एका झाडात कोंबलं की विसंगती निघते आणि मग ती विसंगती 'आवाज' म्हणून फेकून दिली जाते. देवगांडुळांतच दोन्ही गोष्टी आहेत. गेजेनिओफिस आणि इंडोटिफ्लस या भारतीय प्रजातिगटांचं जवळचं नातं सेशेल्सशी. इक्थिओफिस या दुसऱ्या देवगांडुळाच्या कुलाची मंडळी मात्र भारतात आणि आग्नेय आशियात. २००२ मधल्या एका जनुकीय अभ्यासाने या कुलाबद्दल 'भारतातून बाहेर की आग्नेय आशियातून आत' हा प्रश्न विचारला आणि उत्तर भारतातून बाहेर असं आलं. म्हणून एका गटावर काम करताना 'पश्चिम घाटाचा इतिहास' असं शीर्षक देऊ नका. तुमच्याकडे एका वंशाचा इतिहास आहे.

आता तुमच्या मॉडेलांकडे येतो. पूर्वजांचा प्रदेश शोधणारी रॉनक्विस्टची दिवा पद्धत १९९७ ची. तिच्यात भूभाग तुटल्याने झालेली विभागणी आणि जागच्या जागी झालेली प्रजातिनिर्मिती फुकट, प्रवास आणि नामशेष होणं प्रत्येकी एक गुण. विभागणीला किंमतच नसेल तर हिशेबाला सर्वांत स्वस्त उत्तर कोणतं? मुळाशी सगळीकडे पसरलेला पूर्वज आणि नंतर त्याचे तुकडे. 'भारत + सेशेल्स' हे मूळ दिवासारख्या मॉडेलांत यायला झुकलेलंच असतं. शिवाय ती पद्धत फांद्यांची लांबी बघतच नाही.

री आणि स्मिथ यांचं डेक मॉडेल, २००८ च्या रूपातलं, इथे मोठी सुधारणा घेऊन आलं. फांदीवर काळ वाहतो, त्या काळात प्रवासाचा एक दर आणि नामशेष होण्याचा एक दर चालतो, आणि फाट्यावर पूर्वजाचा प्रदेश लेकरांत कसा वाटला जातो याचे ठरावीक पर्याय असतात. काळाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात कोणत्या दोन ठिकाणांत ये-जा शक्य होती हेही सांगता येतं. तुम्ही ही सोय वापरलेलीच नाही. प्रश्नात दिलेल्या मांडणीत भारत आणि सेशेल्स आजही तितकेच जवळ आहेत जितके ७ कोटी वर्षांपूर्वी होते! भूखंड तुटण्याबद्दल निष्कर्ष काढायचा आणि मॉडेलला भूखंड तुटल्याचं कळवायचंच नाही, हे चालणार नाही.

'जे' बद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण तुमचा निष्कर्ष त्यावर टेकलेला आहे. बायोजिओबेअर्स बनवणाऱ्या मॅट्झके यांनी हा घटक डेकमध्ये आणला तो उडी मारून नव्या ठिकाणी वसाहत करणाऱ्या वंशांसाठी: पूर्वज होता तिथेच राहतो, एक लेकरू पलीकडच्या बेटावर जाऊन लगेच वेगळी प्रजाती होतं. हवाईसारख्या बेटांवर हे घडतं यात शंका नाही. २०१८ मध्ये री आणि सानमार्तिन यांनी यावर गंभीर आक्षेप घेतला. उडी फाट्यावर घडते, फांदीवर नाही. तिला काळ लागत नाही. म्हणून 'जे'चं मूल्य वाढलं की मॉडेल सगळा बदल फाट्यांवर ढकलू शकतं आणि फांदीवरचे प्रवासाचे व नामशेष होण्याचे दर शून्याकडे सरकतात. मग लाइकलीहुड (मॉडेल माहितीशी किती जुळतं याचं माप) उंच दिसतो, पण तो काळाबद्दल काही बोलत नसतो, आणि 'जे' असलेल्या-नसलेल्या मॉडेलांची एआयसीने तुलना करणंच योग्य नाही असं त्यांचं म्हणणं. मॅट्झके यांनी पुढे या आक्षेपाला उत्तर दिलं आणि तुलना सांख्यिकीदृष्ट्या वैध आहे असं मांडलं. तो वाद तुमच्या प्रबंधात सोडवायची गरज नाही. एवढंच करा: तुमच्या निकालातले दोन दर पाहा. दोन्ही शून्याला चिकटले असतील तर तुमच्या मॉडेलमध्ये कोट्यवधी वर्षांत फांद्यांवर काहीच घडलेलं नाही. जमिनीखाली राहणाऱ्या, एकेका डोंगरापुरत्या उरलेल्या प्राण्यांत एकही स्थानिक लोप झाला नाही, हे तुम्हाला स्वतःला पटतं का? नामशेष होण्याचा दर डेक एरवीही कमीच दाखवतं. 'जे' ती खोट आणखी वाढवतो.

आणखी एक विसंगती. 'डेक अधिक जे' जिंकलं म्हणजे मॉडेल सांगतंय की उड्या महत्त्वाच्या. तुम्ही निष्कर्ष काढताय भूखंड तुटल्याचा. एकाच निकालातून विरुद्ध दिशेचं विधान निघतंय, परीक्षकाच्या नजरेतून हे सुटणार नाही.

आता वयं. इथे माझ्या स्वतःच्या पहिल्या शोधनिबंधाचा अनुभव सांगतो. तेव्हा मी एका बेडूकगटाचं झाड कालबद्ध करताना मादागास्कर-भारत वेगळं होण्याचं ८.८ कोटी हे वय एका फाट्याला बांधलं होतं. मग उरलेली वयं काढली, आणि चर्चेत लिहिलं की निकाल गोंडवनाच्या विघटनाशी सुसंगत आहेत. परीक्षणातून एकच ओळ परत आली: 'सुसंगत नसते तर ते तुम्हाला कसं कळलं असतं?' मी ती खूणगाठ काढून फक्त जीवाश्मांवर गणित पुन्हा चालवलं, तर त्याच फाट्याच्या वयाची पट्टी (कमीत कमी ते जास्तीत जास्त) इतकी रुंद झाली की तिच्यात तुटणंही बसत होतं आणि नंतरचा प्रवासही. दोन महिन्यांचं काम वाया गेलं असं तेव्हा वाटलं होतं. खरं तर निबंधातली प्रामाणिक माहिती ती रुंद पट्टीच होती. तुमच्या वयांत भूवैज्ञानिक घटना कॅलिब्रेशन (वयं मोजायला बांधलेली खूणगाठ) म्हणून वापरली आहे का, हे आधी तपासा. वापरली असेल तर त्याच घटनेची परीक्षा त्या झाडावर होऊ शकत नाही.

जुनं वय मिळालं म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. २००३ मध्ये बिजू आणि बोसुइट यांनी केरळमधल्या इडुक्कीतल्या नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिसचं वर्णन केलं. या जांभळ्या बेडकाचे सर्वांत जवळचे नातलग सेशेल्सचे सूग्लॉसिड बेडूक, आणि दोघांच्या फाट्याचं त्या वेळी काढलेलं वय सुमारे १३ कोटी वर्षं होतं. हे उदाहरण 'सेशेल्स तुटलं म्हणून दोघे वेगळे झाले' असं सर्रास सांगितलं जातं. पण १३ कोटी हा आकडा खरा धरला तर तेव्हा भारत, सेशेल्स आणि मादागास्कर अजून एकच जमीन होती. फाटा भूखंड तुटण्याच्या आधीच, त्या एकसंध जमिनीवर दुसऱ्याच कुठल्या कारणाने पडला असणार, आणि नंतर तुटण्याने दोन्ही वंश फक्त वेगवेगळ्या तुकड्यांवर उरले. फाटा घटनेपेक्षा लहान असेल तर प्रवास, घटनेइतकाच असेल तर तुटणं, घटनेपेक्षा खूप मोठा असेल तर तिसरंच काहीतरी: हे तीन निकाल आधीच कागदावर लिहून ठेवायचे असतात, आकडा पाहिल्यावर नाही. तुमच्या भारत-सेशेल्स फाट्याची पट्टी सेशेल्स सुटण्याच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे तिन्ही शक्यता अजून जिवंत आहेत.

तुमच्या माहितीत सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असं विचाराल तर मी खंडाळ्याकडे बोट दाखवीन. इंडोटिफ्लस बॅटर्सबाय हा देवगांडूळ खंडाळ्याचा, आणि तुम्ही त्याच्या ठिकाणासाठी फक्त 'पश्चिम घाट' लिहिलं आहे. पण खंडाळा बसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकावर, उभा आहे. दख्खनचे लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरले, बहुतांश उद्रेक दहाएक लाख वर्षांत उरकले. त्याआधी आजच्या उत्तर सह्याद्रीची ही जमीन तयारच झालेली नव्हती. याउलट गोव्याच्या दक्षिणेला घाटाचे खडक त्याहून कितीतरी पुरातन. म्हणजे 'पश्चिम घाट' हे एक ठिकाण धरलं की मॉडेल ६.६ कोटी वर्षांच्या आधीही खंडाळ्याच्या आजच्या जमिनीवर देवगांडुळं ठेवू शकतं, जे अशक्य आहे. दोन ठिकाणं करा, उत्तर आणि दक्षिण, आणि उत्तरेचा दरवाजा ६.६ कोटी वर्षांआधी बंद ठेवा. मग एक सुंदर गोष्ट दिसेल. लाव्हा पसरणं आणि सेशेल्स सुटणं यांत जेमतेम वीस-तीस लाख वर्षांचं अंतर आहे. ताज्या लाव्ह्यावर माती आणि ओलसर जंगल तयार व्हायलाही वेळ लागतो. उत्तर सह्याद्री आणि सेशेल्स यांच्यात थेट विभागणी व्हायची तर ती या चिंचोळ्या खिडकीतच व्हायला हवी. त्यापेक्षा पूर्वज लाव्ह्याबाहेर कुठेतरी दक्षिणेला तगले आणि बसाल्टावर जंगल आल्यावर उत्तरेला सरकले, हे जास्त सहज आहे. याच धर्तीवर जाहन्वी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी गोमींवर काम केलं आहे. ज्वालामुखीच्या काळात दक्षिण पश्चिम घाट आसरा ठरला का, हा त्यांचा थेट प्रश्न होता. तुमच्या गटावर हाच प्रश्न तपासता आला तर 'गोंडवनकालीन' या मोठ्या शब्दापेक्षा तो मला कितीतरी मोलाचा वाटतो.

झाडात कोण नाही याचाही विचार करा. आफ्रिकेतले जवळचे गट तुम्ही घेतलेले नाहीत. झाडात फक्त भारत आणि सेशेल्स असतील तर मुळाशी या दोनपैकी एक किंवा दोन्ही हेच उत्तर येणार, तिसरं येऊच शकत नाही. मादागास्करमध्ये देवगांडूळ एकही नाही. ते तिथे कधीच नव्हते की होते आणि संपले, हे मॉडेलला ठाऊक नाही, पण मादागास्कर हे रिकामं ठिकाण म्हणून मांडणीत ठेवलं तर निदान पूर्वजांना तिथे असण्याची मुभा मिळते. ईशान्य भारतात २०१२ मध्ये चिकिलिडी हे देवगांडुळांचं अख्खं नवं कुल नोंदवलं गेलं आणि त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेत निघाले. त्याच्या आदल्या वर्षी कुणी भारतीय देवगांडुळांचं झाड काढलं असतं तर ती सगळी कथा त्यात नसतीच.

आणि झाड चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांचं सातपुडा गृहीतक आठवा: पूर्व हिमालयातले प्रवाहात टिकून राहणारे मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून पश्चिम घाटात आले. सालिम अलींनी १९४९ मध्ये पक्ष्यांच्या बाजूने त्याला पाठिंबा दिला. त्या काळाच्या माहितीवर ते विचारपूर्वक मांडलेलं गृहीतक होतं आणि मला होरांबद्दल नितांत आदर आहे. पण त्याचा एक लाडका पुरावा निलगिरी ताहर (शेळीसारखा दिसणारा डोंगरी प्राणी) होता, कारण दुसरा ताहर हिमालयात. २००५ मध्ये जनुकं पाहिली तर निलगिरी ताहर मेंढ्यांच्या जवळचा निघाला आणि हिमालयी ताहर शेळ्यांच्या. मधली तुटलेली साखळी कधी नव्हतीच, फक्त नाव एक होतं. निलगिरी लंगूरही तसाच, त्याचं नातं आपल्या नेहमीच्या लंगुराशी, आग्नेय आशियातल्या पानखाऊ माकडांशी नाही. देवगांडुळांत बाह्यरूप फसवं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून गेजेनिओफिसच्या प्रत्येक नमुन्याचं जनुकीय स्थान पुन्हा पाहा.

'देवगांडूळ समुद्र ओलांडूच शकत नाहीत' हे वाक्य तुमच्या प्रस्तावनेत आहे, ते काढा. गिनीच्या आखातात साओ तोमे नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे, ते कोणत्याही खंडाला कधी जोडलेलं नव्हतं, आणि तिथे शिस्टोमेटोपम थोमेन्से हा पिवळा देवगांडूळ राहतो. तो तिथे समुद्रावरूनच गेला असणार. हे क्वचित घडतं, पण दर शून्य धरून चालणार नाही.

जीवाश्मांचा आधार आपल्याकडे तुटपुंजा आहे, तरी शून्य नाही. मुंबईत वरळीच्या आंतरट्रॅपी (लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या) थरांतून इंडोबॅट्राकस हा इवलासा बेडूक मिळाला, त्याचं वर्णन ओवेनने १८४७ मध्ये केलं. त्याला कोणत्या कुलात बसवायचं यावर मतं बदलत राहिली, पण लाव्हाच्या थरांदरम्यान इथे उभयचर जगत होते हे त्यावरून नक्की. गुजरातमध्ये वस्तानच्या लिग्नाइट खाणीतल्या सुमारे ५ कोटी वर्षांच्या, दगड झालेल्या राळेतले (झाडाच्या चिकातले) कीटक २०१० मध्ये अभ्यासले गेले, तेव्हा त्यांची नाती युरोप-आशियाशी निघाली. कोट्यवधी वर्षं एकटा तरंगणारा, बाकी जगाशी संबंध नसलेला भारत हे चित्र त्या राळेने बरंच पुसलं. तुमच्या टप्प्यांच्या कोष्टकात टक्कर होण्याआधीच्या काळासाठी आशियाशी ये-जा पूर्ण बंद ठेवू नका, कमी ठेवा, आणि तो आकडा बदलून निकाल किती हलतो ते दाखवा.

पुढच्या कामाचा क्रम मी असा ठेवला असता. आधी भूवैज्ञानिक कॅलिब्रेशन काढून वयं पुन्हा. मग आफ्रिकी गट आणि उत्तर-दक्षिण सह्याद्रीची विभागणी घालून, चार काळटप्प्यांसह साधं डेक. 'जे' नंतर, आणि निकाल एआयसीने न निवडता दोन्ही शेजारी छापा. एकाच झाडावर थांबू नका, वयांच्या गणितातून निघणाऱ्या वेगवेगळ्या झाडांपैकी शंभरेक घेऊन तेच चालवा. सर्वांत शेवटी, आणि हे बहुतेक जण टाळतात, तुमच्याच झाडावर संगणकाने दोन बनावट इतिहास घडवा: एकात सगळं भूखंड तुटल्याने, दुसऱ्यात सगळं नंतरच्या प्रवासाने. मग दोन्ही तुमच्या पद्धतीला ओळखायला द्या. १४ टोकांच्या झाडावर तिला फरक कळला नाही तरी मला आश्चर्य वाटणार नाही. तसं झालं तर ते प्रबंधात स्वतंत्र प्रकरण म्हणून लिहा, परिशिष्टात दडवू नका.

तोवर निष्कर्षाचं वाक्य असं ठेवता येईल: 'भारत आणि सेशेल्स इथल्या देवगांडुळांचा फाटा हा दोन्ही भूभाग जोडलेले असताना किंवा सुटल्यानंतर लगेचच्या काळात पडला असावा, उपलब्ध माहितीवरून या दोन शक्यतांत निवड करता येत नाही, उत्तर सह्याद्रीतला वंश मात्र लाव्हा पसरल्यानंतरच तिथे आला.' यातला शेवटचा भाग कोणत्याही मॉडेलशिवाय खडकावरून सिद्ध होतो.